स्टुडिओतील डिझायनर आणि क्लायंटचे निर्णय

तुमचा प्रश्न असा आहे: प्रॉडक्ट डिझाइनचे शिक्षण संपत आले आहे, आणि पुण्यातील घरगुती उपकरणांच्या एका कंपनीचा डिझाइन विभाग व अंधेरीतील दहा-बारा जणांचा एक स्टुडिओ अशा दोन्हीकडून नोकरीसाठी बोलावणे आले आहे. ओढा स्टुडिओकडे आहे, पण आधी उत्तीर्ण झालेल्या मित्रमंडळींनी सांगितले की तिथे डिझाइन कमी आणि क्लायंटची मर्जी राखणे जास्त असते. म्हणून तिथला दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि क्लायंटशी व्यवहार कसा चालतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मित्रमंडळींचे निम्मे म्हणणे खरे आहे. संगणकावर बसून आकार घडवण्यात स्टुडिओतील डिझायनरच्या आठवड्याचा फार तर तिसरा हिस्सा जातो. उरलेला वेळ बैठका, कारखान्यांच्या फेऱ्या, मॉडेल करून देणाऱ्यांचा पाठपुरावा आणि पत्रव्यवहार यांत जातो. मर्जी राखण्याचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. या शहरात वीसहून अधिक वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे बनले आहे की आपण क्लायंटला जी सेवा देतो ती मुख्यतः त्याच्या निर्णयांची असते. कोणता निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर घ्यायचा हे त्याच्यापुढे मांडणे, आणि साच्याचे पोलाद कापायला घेण्यापूर्वी तो निर्णय झालेला असेल हे पाहणे, एवढे ज्याला जमले त्याच्याकडे क्लायंट परत येतात. मग बैठकीत त्याने एखादे वेळी स्पष्ट नकार दिला असला तरीही.

मुंबईतील स्टुडिओंकडे मोठ्या कंपन्या येतात, नवउद्योजक येतात, पण ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकायला मिळते ते कुटुंबाच्या मालकीच्या कारखान्यांचे मालक असतात. त्यांचे कार्यालय गोरेगावला किंवा मशीद बंदरला असते, कारखाना वसई, भिवंडी, दमण किंवा सिल्वासाला असतो, आणि लोहार चाळीतल्या घाऊक व्यापाऱ्याने काय म्हटले याला त्यांच्या लेखी कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अधिक वजन असते. पवईला आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ साली सुरू झाले असले, तरी यांतील अनेकांच्या दृष्टीने डिझायनर म्हणजे डाय मेकरकडे, म्हणजे डाय (वस्तूचा पोलादी साचा) बनवणाऱ्याकडे, जाण्यापूर्वी चांगले चित्र काढून देणारा माणूस. यात अपमान मानण्यासारखे काही नाही. आपण याहून काय अधिक देऊ शकतो, हे पहिल्या महिन्याभरात त्यांना दिसले पाहिजे इतकेच.

अशा घरात पहिला शोध घ्यायचा तो सही कोणाची चालते याचा. बैठकीला बहुधा परदेशात शिकून आलेला मुलगा असतो, त्याला आपली भाषा कळते, संदर्भ कळतात, आणि त्याच्याशी बोलताना काम सोपे वाटू लागते. पण डायचे पैसे सोडणारे वडील त्या खोलीत नसतात, आणि ज्यांच्या तोंडून विक्रेत्यांच्या तक्रारी रोज त्यांच्या कानावर पडतात ते विक्रीप्रमुखही नसतात. तीन महिन्यांनी तयार मॉडेल पाहून वडिलांनी ‘हे आपल्याकडे चालणार नाही’ असे म्हटले, तर त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण त्यांना कोणी विचारलेलेच नसते. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की पहिल्या आणि मॉडेल दाखवण्याच्या बैठकीला डायच्या खर्चावर सही करणारी व्यक्ती हजर हवी; ती नसेल तर बैठक पुढे ढकलावी. नव्या डिझायनरला, म्हणजे तुम्हालाही, हे उद्धटपणाचे वाटेल. मालकांना ते तसे वाटत नाही, उलट आपल्या पैशांची कोणी फिकीर करते आहे असे त्यांना वाटते.

कामाची मागणी बहुतेक वेळा ‘अमुक कंपनीसारखे, पण वेगळे दिसणारे आणि स्वस्त’ या स्वरूपात येते. तिचे रूपांतर दोन पानी लेखी मसुद्यात करणे हे स्टुडिओचे पहिले खरे डिझाइन असते. त्यात विक्रीची किंमत, वर्षाला किती नग, कोणते जुने भाग तसेच वापरायचे, मोल्डिंग (साच्यात प्लास्टिक भरून भाग काढणे) करून देणाऱ्याकडे किती टनांची मशीन आहे आणि माल कोणत्या सणाला बाजारात हवा, हे सारे आकड्यांत यावे लागते. नगांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. वीस लाखांची डाय दहा हजार नगांवर वाटली तर प्रत्येक नगावर दोनशे रुपये पडतात आणि दोन लाख नगांवर वाटली तर दहा रुपये. पहिल्या परिस्थितीत कदाचित इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने डायमध्ये भरण्याचा, विचारच सोडून पत्र्याचे किंवा फायबरचे काम सुचवावे लागेल. हा साधा भागाकार क्लायंटसमोर कागदावर करून दाखवला की ‘वर्षाला पाच लाख तर सहज खपतील’ हे वाक्य आपोआप खाली येते. सक्तीची मानके असतील तर तीही याच मसुद्यात लिहावीत. घरगुती प्रेशर कुकरला आयएस २३४७ नुसार आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्यामुळे झाकणात किंवा सुरक्षा झडपेत बदल सुचवायचा तर चाचण्यांचा वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. दिवाळीच्या घाईत तो हमखास विसरला जातो.

त्यानंतर घरोघरी जाऊन पाहणी करायची असते, आणि तिथे क्लायंटच्या माणसाला बरोबर न्यावे असा माझा आग्रह असतो. उदाहरण म्हणून मिक्सर घ्या. लालबागच्या किंवा डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात सकाळी तो चालू होताना पाहिला तर लक्षात येते की बाईंचा एक हात झाकण दाबून धरतो, दुसरा हात बटणावर असतो, आणि ओट्यावर सरकणारे यंत्र धरायला तिसरा हात नसतो. उंची कमी असेल तर झाकणावर जोर देण्यासाठी त्या टाचा उंचावतात. झोपलेल्या मुलाला आवाज जाऊ नये म्हणून काही जणी यंत्राखाली दुमडलेले फडके ठेवतात, आणि त्या फडक्याने तळाची हवा येण्याची जागा बंद होऊन मोटर तापते. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत यातले काहीही दिसत नाही, कारण तिथे यंत्र रिकाम्या टेबलावर असते आणि चाचणी घेणारा उंचापुरा असतो. विक्रीप्रमुखांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की नंतरच्या बैठकीत रबरी पायांसाठी किंवा हवेची वाट बाजूला नेण्यासाठी वाद घालावा लागत नाही. आपल्या अहवालातली दहा छायाचित्रे तेवढे काम करू शकत नाहीत.

आता सादरीकरणाकडे येतो. यात दोन गोष्टी सांभाळल्या की बरेच साधते. जो पर्याय तयार व्हावा असे आपल्याला वाटत नाही, तो केवळ संख्या भरण्यासाठी दाखवू नये; क्लायंट नेमका तोच निवडतो, आणि मग तोंड उघडायला जागा राहत नाही. दुसरे असे की हुबेहूब छायाचित्रासारखी दिसणारी चित्रे लवकर दाखवू नयेत. ती पाहिली की सगळी चर्चा रंगावर आणि क्रोमच्या कडेवर जाते (आणि क्रोमची कडा हा आपल्याकडे न संपणारा विषय आहे), तर मुठीची जाडी, भांडे बसवण्याची दिशा, वायर गुंडाळण्याची सोय हे प्रश्न तसेच राहतात. सुरुवातीला हाताने काढलेली रेखाटने आणि फोममधून कापलेले मूळ आकाराचे मॉडेल पुरते. मॉडेलमध्ये खऱ्या यंत्राएवढे वजन भरून ठेवावे. आपल्याकडचा अनुभवी कारखानदार वस्तू प्रथम हातात तोलून पाहतो आणि हलकी लागली तर तिच्याविषयीचे त्याचे मत तिथेच ठरते.

बैठकीनंतरचा तासभर मी बैठकीइतकाच महत्त्वाचा मानतो. काय ठरले, कोणी ठरवले, काय राहिले, राहिलेले कोणत्या तारखेपर्यंत कळायला हवे आणि न कळल्यास पुढचे कोणते काम थांबेल, एवढे त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवले गेले पाहिजे. यातला शेवटचा मुद्दा बहुतेक स्टुडिओ लिहीत नाहीत, आणि खरी ताकद त्यातच असते. ‘रंग कळवावा’ असे लिहिले तर उत्तर येत नाही. ‘पृष्ठभागाचे टेक्श्चर (पोत) शुक्रवारपर्यंत न कळल्यास साच्याच्या उताराचे कोन ठरवता येणार नाहीत आणि डायचे रेखाटन आठवडाभर पुढे जाईल’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. मुंबईत बरेच निर्णय रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवरच्या आवाजी संदेशांतून येतात. त्यांना तिथेच ‘होय’ म्हणून सोडून देऊ नये. सकाळी ते लेखी स्वरूपात परत पाठवून ‘आम्ही हे असे समजलो’ असे विचारावे. निम्म्या वेळा क्लायंटला स्वतःचेच म्हणणे दिवसाच्या उजेडात पटत नाही आणि तो ते मागे घेतो. हे टिपण लिहिण्याचे काम नव्याने रुजू झालेल्यांकडे येते व ते कारकुनी मानले जाते, पण प्रकल्प कसा चालतो हे शिकण्याची याहून चांगली जागा स्टुडिओत नाही.

वर पोलादाचा उल्लेख केला, त्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण क्लायंटशी होणारे बहुतेक वितुष्ट डायच्या टप्प्यावर उफाळते. प्लास्टिकच्या वस्तूची डाय एकदा कापायला घेतली की त्यातून धातू आणखी काढणे सोपे असते, पण धातू परत भरणे महागाचे आणि कटकटीचे असते. साच्यातून धातू काढला की वस्तूवर प्लास्टिक वाढते. म्हणून ज्या मापांविषयी शंका असते, उदाहरणार्थ एकमेकांत अडकणाऱ्या खटक्यांची, तिथे प्रथम प्लास्टिक कमीच ठेवायचे, म्हणजे खटका सैल राहतो, आणि पहिली ट्रायल, म्हणजे नव्या डायमधून चाचणीसाठी काढलेले भाग, पाहून डायमध्ये थोडे थोडे कापत तो घट्ट करायचा. हे क्लायंटला आधी सांगितलेले नसेल तर पहिल्या ट्रायलला खडखडणारे झाकण पाहून त्याचा विश्वास उडतो. आधी सांगितलेले असेल तर तेच झाकण पाहून तो निश्चिंत असतो.

तसेच टेक्श्चरचे. साच्यातून वस्तू निघावी म्हणून भिंतींना साधारण एक अंशाचा उतार द्यावा लागतो, आणि पृष्ठभागावर खरखरीत पोत हवा असेल तर त्याच्या खोलीच्या दर ०.०२५ मिलिमीटरला आणखी एक ते दीड अंश वाढवावे लागतात. नाहीतर वस्तू निघताना पोत ओरबाडला जातो. म्हणजे ‘चकचकीत नको, थोडे मॅट करा’ ही शेवटच्या आठवड्यात सहज केलेली सूचना प्रत्यक्षात सगळ्या बाजूंची भूमिती बदलून मागत असते. पैसे वाचवण्यासाठी ऐनवेळी दाणा, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार, बदलण्याची कल्पना आणखी धोक्याची. एबीएस हे प्लास्टिक थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते, पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लास्टिक एक टक्क्याहून अधिक, कधी दोनपर्यंत. एबीएससाठी कापलेल्या डायमध्ये पॉलिप्रॉपिलीन घातले तर भाग लहान निघतात आणि एकमेकांत बसत नाहीत. अशा सूचनांना ‘नाही’ म्हणण्यापेक्षा किती पैसे आणि किती दिवस लागतील ते एका ओळीत सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. आकडा ऐकल्यावरही क्लायंटला बदल हवाच असेल, तर तो त्याचा हक्क आहे आणि आपण तो मनापासून करून द्यावा.

डाय मेकरशी संबंध हा यातला नाजूक भाग आहे. तो क्लायंटचा जुना माणूस असतो, त्याचे पैसे क्लायंट देतो, आणि आपले रेखाचित्र पाहून ‘साहेब, हे निघणार नाही’ असे त्याने एकदा म्हटले की मालक त्याचेच ऐकतो. बऱ्याचदा त्याचे म्हणणे बरोबरही असते. आतल्या आधारपट्ट्या बाहेरच्या भिंतीच्या निम्म्याहून जाड ठेवल्या तर बाहेरच्या बाजूला खड्डा दिसतो, हे आपण पुस्तकात वाचलेले असते, त्याने ते हजार वेळा पाहिलेले असते. तेव्हा अंतिम फाइल देण्यापूर्वी वसईला जाऊन त्याच्याजवळ बसावे, दोन साच्यांची सांधरेषा कुठून जाईल आणि वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे ठसे कुठे उमटतील हे त्याला विचारावे, आणि त्याने सुचवलेला बदल स्वीकारला तर तो त्याच्या नावाने टिपणात लिहावा. पुढे त्या रेखाचित्राची बाजू तोच मालकापुढे मांडतो. पहिल्या ट्रायलला डिझायनरने स्वतः मशीनपाशी उभे राहिले पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंवरून खड्डा आहे की नुसती सावली, हे कळत नाही.

हुबेहूब नक्कल करून मागणारे क्लायंट भेटतील. नैतिकतेवर व्याख्यान देण्याऐवजी डिझाइन कायदा, २००० समजावून सांगावा. नोंदणीकृत डिझाइनला प्रथम दहा वर्षे आणि मुदत वाढवल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. ज्याची तुम्ही नक्कल करू पाहता त्याने नोंदणी केली असेल तर तुमची डाय फुकट जाईल, हे व्यवहारी माणसाला लगेच पटते. त्याच बैठकीत त्याच्या स्वतःच्या वस्तूचाही विषय काढावा. नोंदणीसाठी डिझाइन नवे आणि आधी प्रसिद्ध न झालेले असावे लागते, त्यामुळे गोरेगावच्या प्रदर्शनात किंवा विक्रेत्यांच्या मेळाव्यात नमुना मांडण्यापूर्वी अर्ज गेलेला असला पाहिजे. नोंदणी न करता स्वामित्वहक्कावर (कॉपीराइटवर) विसंबून राहणेही फसवे असते, कारण नोंदणीयोग्य डिझाइनच्या पन्नासाहून अधिक प्रती कारखान्यात निघाल्या की त्यावरचा स्वामित्वहक्क संपतो. इतकी माहिती वेळेवर देणारा स्टुडिओ क्लायंटला वकिलाइतका उपयोगी वाटतो, आणि तीही सेवाच आहे.

पैशांविषयी थोडक्यात. आगाऊ रक्कम, संकल्पना, मॉडेल आणि डायसाठीच्या फाइली अशा टप्प्यांनी बिल करावे, आणि अंतिम फाइली त्या टप्प्याचे पैसे जमा झाल्यावर द्याव्यात. बिल निघाले की १८ टक्के जीएसटी साधारणपणे पुढच्या महिन्यात स्टुडिओला भरावा लागतो, क्लायंटने पैसे दिलेले असोत वा नसोत. लहान स्टुडिओंचा श्वास इथे कोंडतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे, आणि उशिरा दिलेल्या रकमेची करातील वजावट क्लायंटला ते पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळेल अशी प्राप्तिकराची तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाल्यावर मार्चमध्ये थकलेली बिले बरीच निघू लागली आहेत. कनिष्ठ डिझायनरला यात लक्ष घालावे लागत नाही, पण आपल्या टप्प्याचे पैसे आले आहेत का, हे विचारायची सवय असावी.

कामाचे तास अनियमित असतात. मॉडेलच्या आदल्या रात्री उशीर होतो, पावसाळ्यात वसईची फेरी दिवसभर खाते. ज्या स्टुडिओत प्रत्येक आठवड्यात रात्री जागवल्या जातात, तिथे बहुधा निर्णय वेळेवर घेतले जात नसतात आणि त्याची किंमत कनिष्ठ लोक मोजत असतात.

पुणे की अंधेरी, यावर माझे मत असे आहे. कंपनीत तुम्ही एकाच प्रकारच्या वस्तूचा संपूर्ण प्रवास पाहाल, सेवा केंद्रात परत आलेली यंत्रे उघडून कुठला भाग तुटतो ते पाहाल, आणि ही संधी स्टुडिओत क्वचितच मिळते. स्टुडिओत तीन वर्षांत तुम्ही बाटली, वैद्यकीय उपकरण, पंखा असे वेगवेगळे काम आणि वेगवेगळ्या स्वभावांचे मालक पाहाल. तुमचा ओढा असल्याने स्टुडिओ निवडायला हरकत नाही, मात्र मुलाखतीत तुम्हीही काही विचारा: कनिष्ठ डिझायनर पहिल्या ट्रायलला जातात का, बैठकीचे टिपण कोण लिहितो आणि ते क्लायंटला जाते का, आणि गेल्या काही वर्षांत तयार होऊन दुकानात आलेल्या दोन-तीन वस्तू हातात घेऊन पाहता येतील का. केवळ पडद्यावरची चित्रे दाखवली गेली तर पुण्याला जा. आणखी एक गोष्ट रुजू होण्यापूर्वीच लेखी मागून घ्या: वस्तू बाजारात आल्यानंतर तिच्यावरचे तुमचे काम पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी. मोबदला देऊन करवून घेतलेल्या डिझाइनचा मालक कायद्याने क्लायंट असतो, गोपनीयतेचा करार त्याच्या आणि स्टुडिओच्या दरम्यान असतो, आणि नोकरी सोडताना ही परवानगी मागणाऱ्यांना ती सहसा मिळत नाही.